गाळणे, निवळणे आणि मळी काढणे : घरगुती प्रवाळटाकीतील यांत्रिक गाळणीचा विचार

१

खाऱ्या पाण्याच्या घरगुती काचटाकीत प्रवाळ जगवावयाचे तर पाणी कोणत्या साधनाने स्वच्छ राखावे, हा प्रश्न वरवर पाहता आपल्या अभ्यासक्षेत्राबाहेरचा वाटेल. तथापि या विषयात जे नुकसान होते त्याचा बराचसा भाग एका शब्दाच्या संदिग्धतेतून उद्भवतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि शब्दाची संदिग्धता हा तर आपल्याच विचाराचा विषय होय. तो शब्द म्हणजे ‘फिल्टर’.

या शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘फिल्ट्रुम’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड. द्रव पदार्थ अशा नमद्यातून गाळीत, म्हणून गाळणीला ते नाव पडले. पुढे या शब्दाचा अर्थविस्तार इतका झाला की आज जलजीवपालनात तीन अगदी भिन्न क्रियांना तो सरसकट लावला जातो. पाण्यात तरंगणारे कण अडविणे ही यांत्रिक क्रिया. विषारी अमोनियाचे जिवाणूंकरवी रूपांतर घडविणे ही जैविक क्रिया. आणि विरघळलेली द्रव्ये कोळशासारख्या पदार्थाकडून शोषून घेणे ही रासायनिक क्रिया. तिन्ही कामे करणाऱ्या वस्तूंना ‘फिल्टर’च म्हणतात. त्यामुळे नवशिक्या पालकाची अशी समजूत होते की, फिल्टर बसविला म्हणजे पाणी शुद्ध झाले. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात कतकफळाचा, म्हणजे आपल्या निवळीच्या बीचा, दृष्टांत आला आहे. ते फळ गढूळ पाणी निर्मळ करते खरे, पण त्याचे केवळ नाव घेतल्याने पाणी निर्मळ होत नाही, असा त्याचा आशय. प्रवाळटाकीच्या बाबतीत तो अक्षरशः लागू पडतो.

मराठीत या क्रियांसाठी एकच एक शब्द नाही, आणि ही गोष्ट येथे उपकारकच आहे. धान्य आपण चाळतो व पाखडतो, चहा गाळतो, धुतलेली भाजी निथळत ठेवतो, गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळू देतो, आणि गुऱ्हाळात काहिलीवर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकतो. यांपैकी प्रत्येक क्रियापदामागे एक स्वतंत्र भौतिक तत्त्व आहे. प्रवाळटाकीतील यांत्रिक शुद्धीकरणाची साधने याच क्रियापदांच्या आधारे लावून पाहिली, तर निवडीचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

२

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. समुद्राच्या मानाने टाकीतील पाणी नगण्य असते. समुद्रातील खडकावर लाटांबरोबर सतत नवे पाणी येत राहते. टाकीत तेच पाणी फिरून फिरून येते. या अडचणीशी पहिला गंभीर सामना देणाऱ्यांत ॲना थिन या इंग्रज बाईंची गणना करावी लागेल. त्यांनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत दगडी प्रवाळ लंडनला नेले. किनाऱ्यावरून सतत ताजे पाणी आणविणे अवघड, म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतून त्यात हवा मिसळण्याचा उपाय त्यांनी योजला, आणि हे कंटाळवाणे काम त्यांच्या मोलकरणीकडे आले. पुढे भांड्यात सागरी वनस्पतींची भर घालून त्यांनी प्रवाळ दीर्घकाळ जगविले. हवा मिसळल्याने पाण्याला प्राणवायू मिळतो; परंतु त्यात साठत जाणारी घाण त्यामुळे बाहेर जात नाही, हा प्रश्न मागे उरलाच.

ही घाण किती असते, याचा हिशेब कठीण नाही. २०० लिटरच्या टाकीत माशांना रोज एक ग्रॅम सुके खाद्य घातले असे समजू. त्यात ४५ टक्के प्रथिने असल्यास, आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो हे लक्षात घेता, त्या एका ग्रॅमात ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन झाला. माशाने खाल्ले अथवा न खाल्ले, तरी त्याचा मोठा भाग अखेर कुजून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. सर्व नायट्रोजनाचे नायट्रेट झाल्यास त्याचे वजन सुमारे ३१९ मिलिग्रॅम भरेल. म्हणजे दर लिटरमागे दररोज सुमारे १.६ मिलिग्रॅमची भर, आणि आठवड्यात ११ मिलिग्रॅमहून अधिक. प्रवाळटाकीत नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे काही थोड्या मिलिग्रॅमपुरतेच असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रत्यक्षात काही नायट्रोजन माशांच्या वाढीस लागतो, काही शेवाळ घेते, तर काही खडकाच्या प्राणवायूविरहित छिद्रांतील जिवाणूंकडून वायुरूपाने निघून जातो. परंतु यामुळे हिशेबाची दिशा बदलत नाही.

या साखळीत यांत्रिक शुद्धीकरणाचे स्थान अगदी आरंभीचे आहे. कण कुजून अमोनिया होण्यापूर्वीच तो पाण्याबाहेर नेला, तर पुढची सारी साखळी तुटते. येथे ‘पाण्याबाहेर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मराठीत ‘गाळणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: द्रव कापडातून पलीकडे जाऊ देणे, आणि एखादी गोष्ट वगळणे. चहा गाळला, यात पहिला अर्थ. वाक्यातून एक शब्द गाळला, यात दुसरा. स्वयंपाकघरात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी साधतात, कारण गाळणीतला चोथा आपण लगेच फेकून देतो. टाकीत मात्र पहिला अर्थ आपोआप साधतो आणि दुसरा साधत नाही. गाळणीत अडकलेला कण दिसेनासा होतो, पण पाणी अहोरात्र त्याच्यावरूनच वाहत असते. तो तेथेच कुजतो व त्याचा सर्व नायट्रोजन पाण्यात परत येतो. यावरून पहिला सिद्धांत निघतो: गाळणीचे काम गाळणी धुतल्यावर पुरे होते, तोवर ते अर्धेच असते.

३

आता साधनांकडे वळू. गाळण्याच्या तत्त्वावर चालणारी साधने मुख्यतः चार.

पहिला स्पंज, व त्याच्या जोडीचा पॉलिएस्टरचा कापूस. दोन्ही स्वस्त व सर्वत्र मिळणारे. स्पंजाची छिद्रे मोठी असल्याने तो लवकर तुंबत नाही, आणि यातच त्याचा धोका आहे. तो महिनोन्‌महिने तसाच ठेवला जातो, त्यात जिवाणूंची वसाहत होते, आणि यांत्रिक म्हणून बसविलेली गाळणी नकळत जैविक बनते. गोड्या पाण्यातील माशांना याचा फारसा उपद्रव होत नाही. प्रवाळाच्या टाकीत मात्र ती नायट्रेटचा अखंड पुरवठा करणारी कोठी होऊन बसते. पॉलिएस्टरचा कापूस दोन-तीन दिवसांनी फेकून द्यावयाचा असतो. तेवढी शिस्त पाळली तर तो उत्तम काम देतो.

दुसरे साधन म्हणजे नमद्याची पिशवी. आकारावरून तिला मोजा म्हणतात. टाकीतून ओसंडून खालच्या टाकीत उतरणारे पाणी या मोज्यातून जाते. ‘फिल्ट्रुम’ हा शब्द फिरून आपल्या मूळ अर्थावर आला, त्याचे हे उदाहरण. फरक इतकाच की लोकरीची जागा कृत्रिम धाग्याने घेतली आहे. प्रचारात विशेषेकरून १०० व २०० मायक्रॉनचे मोजे आहेत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याचा केस साधारणपणे ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. मोजा तीन-चार दिवसांत तुंबतो, आणि तुंबल्यावर पाणी त्याच्या काठावरून गाळल्याविना वाहू लागते. हा दोष वाटला तरी तो एका परीने गुण आहे, कारण मोजा स्वतःच आपली वेळ भरल्याचे सांगतो. नमद्याऐवजी नायलॉनच्या जाळीचा मोजा घेतल्यास तो धुण्यास सोपा व टिकाऊ ठरतो. मात्र जाळी केवळ पृष्ठभागावर कण अडविते, नमदा आपल्या जाडीतही अडवितो. धुताना साबण वापरू नये. सहा-सात मोजे जवळ बाळगून ते पाळीपाळीने वापरणे, हा रुळलेला मार्ग होय.

तिसरे साधन अलीकडच्या काळातील: गुंडाळीची गाळणी. यात कापडाची लांब गुंडाळी असते. कापड तुंबले की अलीकडच्या बाजूस पाण्याची पातळी चढते, तरंगता खटका वर उचलला जातो, आणि लहानशी मोटर स्वच्छ कापड पुढे सरकवून मळके कापड पाण्याबाहेर गुंडाळून घेते. ‘गाळणे’चा दुसरा अर्थ आपोआप साधणारे हे साधन आहे, आणि हेच त्याचे वैशिष्ट्य. त्याची किंमत जास्त, गुंडाळ्यांचा खर्च सततचा, आणि मळक्या कापडाचा कचरा वेगळाच. पण विसरभोळ्या पालकास ते फार उपयोगी पडते.

चौथे साधन म्हणजे कॅनिस्टर, अर्थात बंद डबा. पंप पाणी डब्यात ओढतो व त्यातील स्पंज, कापूस इत्यादी थरांतून परत टाकीत पाठवितो. डबा बंद असल्याने आतील घाण दिसत नाही, आणि उघडण्याचा त्रास असल्याने ती लवकर काढलीही जात नाही. शिवाय वीज काही तास गेल्यास आतल्या साचलेल्या पाण्यातील प्राणवायू जिवाणू संपवून टाकतात, आणि वीज परत येताच ते दूषित पाणी थेट टाकीत येते. ज्या गावी विजेचा भरवसा नाही तेथे ही गोष्ट गौण मानता येणार नाही. डायाटम नामक सूक्ष्म वनस्पतींच्या कवचांची पूड वापरणारी गाळणी याच जातीची. तिने काही थोड्या मायक्रॉनचे कणही अडविता येतात, पण ती तासाभरासाठी लावून काढून ठेवावयाची वस्तू आहे.

४

मळी काढण्याचे तत्त्व निराळे आहे. गुऱ्हाळात उसाचा रस उकळू लागला म्हणजे गुळव्या त्यात भेंडीचा चिकट रस घालतो. अशुद्ध द्रव्ये फेसाबरोबर वर येतात आणि तो ती काढून टाकतो. प्रवाळटाकीच्या ‘स्किमर’मध्ये उष्णतेचे काम हवेचे बारीक बुडबुडे करतात. प्रथिने व तत्सम अनेक सेंद्रिय रेणू असे असतात की त्यांचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते व दुसरे पाण्यापासून दूर पळते. असे रेणू हवा व पाणी यांच्या सीमेवर जमतात, बुडबुड्याला चिकटून वर जातात, आणि फेस होऊन वरच्या पेल्यात सांडतात.

यात बुडबुड्यांच्या आकाराला फार महत्त्व आहे. एक लिटर हवेचे पाच मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर त्यांचे एकंदर पृष्ठफळ १.२ चौरस मीटर भरते. अर्ध्या मिलिमीटरचे केले तर १२ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान खोलीच्या जमिनीएवढे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहजासहजी मिसळत नाहीत, म्हणून ते बारीक राहतात. गोड्या पाण्यात ते लगेच एक होतात. यास्तव हे साधन खाऱ्या पाण्यातच खरे काम देते.

स्किमरचा विशेष हा की, त्याने काढलेली मळी वाहत्या पाण्यापासून तत्काळ अलग होते. पेला रिकामा करावयास दोन दिवस उशीर झाला तरी ती सहसा टाकीत परतत नाही. मात्र त्याच्या सामर्थ्याविषयी अतिशयोक्ती करू नये. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या मापनांत असे आढळले की, स्किमर पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी सुमारे २० ते ३० टक्केच काढू शकतात. उरलेली द्रव्ये बुडबुड्याला चिकटणारी नसतात. मोठे कण तर स्किमरच्या आटोक्यात पुष्कळदा येतच नाहीत.

५

तिसरे तत्त्व निवळण्याचे. पाण्याचा वेग कमी झाला की जड कण खाली बसतात. खालच्या टाकीत आडव्या काचा घालून एका कप्प्यातील प्रवाह मंद केला, तर तेथे गाळ साठतो, आणि तो आठवड्याच्या पाणीबदलाच्या वेळी नळीने ओढून काढता येतो. या पद्धतीला कापड लागत नाही, मोटर लागत नाही, आणि त्यात सूक्ष्म जीवांचा संहारही होत नाही. उलटपक्षी मुख्य टाकीत हेच निवळणे टाळावे लागते. तेथे खडकांच्या मागे गाळ बसला तर तो कुजतो, आणि प्रवाळावर बसला तर प्रवाळाला चिकट स्राव सोडून तो झटकावा लागतो. म्हणून वरच्या टाकीत जोराचा प्रवाह व खाली मंद प्रवाह, अशी योजना असावी.

केवळ निवळणे व जिवंत खडक यांच्या बळावर टाकी चालविण्याचा प्रयोग जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी केला. १९६१ साली त्यांनी आपली पद्धत एका अमेरिकन मासिकातून मांडली. टाकीत समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे मंद बुडबुडे, एवढेच तिचे साहित्य होते, गाळणी नव्हतीच. त्यानंतर बर्लिनच्या हौशी पालकांनी जिवंत खडकाला समर्थ स्किमरची व प्रखर प्रकाशाची जोड दिली. ती ‘बर्लिन पद्धत’ या नावाने प्रसिद्ध आहे. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे, पाणी प्लास्टिकच्या चेंडूंवरून ठिबकविणारी गाळणी लोकप्रिय झाली. ती अमोनियाचे नायट्रेट झपाट्याने करी, पण नायट्रेटचे पुढे काही करीत नसे, आणि चेंडूंत गाळ अडके तो निराळाच. पुढील दशकात अनेकांनी ते चेंडू काढून टाकले व बर्लिन पद्धतीचा अवलंब केला. या इतिहासावरून दिसते ते हे: जैविक काम खडकाने उत्तम होते, गाळणीने ते आपल्या अंगावर घेतले की बिघाड होतो.

६

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दगडी प्रवाळाच्या ऊतीत सूक्ष्म शैवाल राहते व प्रकाशाच्या साहाय्याने प्रवाळाला त्याच्या ऊर्जेचा मोठा भाग पुरविते. परंतु ऊर्जा म्हणजे सर्व पोषण नव्हे. नायट्रोजन व फॉस्फरस यांसाठी प्रवाळ पाण्यातील सूक्ष्म जीव व कण पकडून खातो. मग तेच कण गाळून टाकल्यास प्रवाळाच्या तोंडचा घास आपण काढून घेत नाही काय?

आक्षेप निराधार नाही. अंड्यातून नुकतीच निघालेली आर्टेमियाची पिले ४०० ते ५०० मायक्रॉनची असतात. रोटिफर सुमारे १०० ते ३०० मायक्रॉनचे. वनस्पतिप्लवक बव्हंशी २ ते २० मायक्रॉनचे. जिवाणू एखाद्या मायक्रॉनचे. म्हणजे २०० मायक्रॉनचा मोजा आर्टेमिया अडवील, काही रोटिफर जाऊ देईल, आणि वनस्पतिप्लवकाला हातही लावणार नाही. मात्र मोजा जसजसा तुंबतो तसतशी त्याची छिद्रे अरुंद होतात, हे ध्यानात घ्यावे.

वेगाचा हिशेबही उद्बोधक आहे. २०० लिटरच्या टाकीतून पंप ताशी १००० लिटर पाणी फिरवीत असेल तर बारा मिनिटांत टाकीभर पाणी गाळणीतून जाते. तरीही पाणी सतत मिसळत असल्याने पहिल्या बारा मिनिटांनंतर ३७ टक्के कण शिल्लक राहतात, आणि छत्तीस मिनिटांनंतर सुमारे ५ टक्के. यावरून तोडगा सापडतो. प्रवाळांना खाऊ घालताना खालच्या टाकीकडचा पंप अर्धा तास बंद ठेवावा व वरच्या टाकीतील प्रवाह चालू ठेवावा. प्रवाळ आपला वाटा घेतील. उरलेले मग गाळणीने घ्यावे.

अतिस्वच्छतेचाही एक दोष आहे. नायट्रेट व फॉस्फेट मोजता येणार नाहीत इतके उतरले तर प्रवाळ फिकट पडतात, आणि तपकिरी तंतूंच्या रूपाने डायनोफ्लॅजेलेट नावाचे जीव टाकीत माजतात, असा अनेक पालकांचा अनुभव आहे. पाण्याचा पारदर्शकपणा हे साधन आहे, साध्य नव्हे. प्रकाश खोलवर पोहोचावा एवढ्यासाठी तो हवा.

७

आता निवडीविषयी. वरील विवेचनाचे सार एका प्रश्नात सांगता येईल: गाळणीतील घाण पाण्याबाहेर किती दिवसांनी जाईल? ज्याला दर तीन दिवसांनी मोजा बदलणे निश्चित जमेल त्याने २०० मायक्रॉनचा मोजा व स्किमर ही जोडी घ्यावी. ज्याला आठवड्यातून एकदाच वेळ मिळतो त्याने मोजा घेऊच नये; स्किमर, निवळण्याचा कप्पा आणि दर आठवड्याचा पाणीबदल यांवर विसंबावे. खडक हलविताना वा टाकी साफ करताना उठलेला गाळ टिपण्यासाठी मोजा किंवा कापूस एक दिवस लावून काढून घ्यावा. ज्याला वारंवार प्रवासास जावे लागते व खर्चाची अडचण नाही, त्याला गुंडाळीची गाळणी योग्य. कॅनिस्टर प्रवाळटाकीत मुख्य गाळणी म्हणून न वापरणे बरे. वापरल्यास दर आठवड्याला उघडण्याचा नेम हवा. थोडक्यात, मायक्रॉनचा आकडा पाहण्यापूर्वी पालकाने आपली दिनचर्या पाहावी.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. भारतात सर्व दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण २००१ पासून आहे. मालवणच्या समुद्रातून वा अन्य भारतीय किनाऱ्यावरून प्रवाळ काढून आणणे हा गुन्हा आहे. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचे नियंत्रण आहे. सबब घरगुती प्रवाळटाकीचा विचार परदेशी, जेथे तुकड्यांपासून वाढविलेले प्रवाळ कायदेशीर रीतीने मिळतात, तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांच्या संदर्भात व्यवहार्य ठरतो. आपणांस येथे तो सार्वजनिक जलजीवालयांच्या कामी यावा. कोठेही झाले तरी टाकीतील प्राण्याला आपल्या पाण्यातून उठून दुसरीकडे जाता येत नाही. त्याच्या वतीने पाणी बदलणे, मोजा धुणे व पेला रिकामा करणे ही जबाबदारी ज्याने त्याला आणले त्याची.

शेवटी परिभाषेविषयी एक सूचना. ‘फिल्टर’ला ‘गालक’ किंवा ‘निस्यंदक’ असा एकच संस्कृत प्रतिशब्द योजल्याने संदिग्धता तशीच राहते. ती फक्त वेष बदलते. त्यापेक्षा कणांसाठी ‘गाळणी’, फेसाच्या साधनासाठी ‘मळीपात्र’ आणि मंद प्रवाहाच्या कप्प्यासाठी ‘निवळकप्पा’ असे क्रियेवरून घडविलेले शब्द वापरावेत. असा शब्द वाचणाऱ्याला त्या साधनाचे काम कळते, आणि त्या कामाचा कोणता भाग आपल्या हातांनी करावयाचा उरला आहे, हेही कळते.